402 मीटरसाठी टर्बो की एनए? (सिटी 1.5 आय-व्हीटेक)

रिकामा_गिअर:
गाडी 2010 ची होंडा सिटी, पाच गिअरची मॅन्युअल. कागदावर 118 पीएस 6600 आरपीएमला, टॉर्क 146 एनएम. ड्रायव्हरसकट वजन 1200 किलो धरा. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅगसाठी (402 मीटर सरळ धावायची शर्यत) तयार करायची आहे. एक ट्यूनर म्हणतो छोटा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा) टाका. दुसरा म्हणतो टर्बोच्या नादी लागू नका. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), हेडर (एक्झॉस्टचे पाइप) आणि मॅप (ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या संगणकाची सेटिंग) करा, इंजिन एनएच, म्हणजे टर्बोशिवाय स्वतः हवा ओढणारं, राहू दे. 402 मीटरमध्ये खरा फरक किती पडतो? घाटमाथ्यावरच्या पातळ हवेत कोण मार खातं? आतले पार्ट न बदलता किती बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चालेल? "टर्बो म्हणजे टर्बो" छाप उत्तरं नकोत, आकडे द्या.

पिस्टनपुराण:
आधी हिशोब. वजन (किलो) भागिले ताकद (एचपी), त्याचं घनमूळ, गुणिले 7.58. येतो तो 402 मीटरचा अंदाजे वेळ. तुमची गाडी आहे तशी (118 पीएस म्हणजे 116 एचपी): 16.5 सेकंद. एनएचं काम नीट झालं आणि 138 पर्यंत पोचलात तर 15.6. टर्बोने 170 काढले तर 14.5. म्हणजे कागदावर टर्बो एका सेकंदाने पुढे.

पण हे सूत्र टायर पकड धरतो असं मानून चालतं. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते. सुटताना वजन मागे जातं, म्हणजे नेमकी ओढणारी चाकं हलकी होतात. त्यात डिफरन्शियल साधा, त्यामुळे एक चाक घुमायला लागलं की दुसऱ्यालाही काही मिळत नाही. पहिल्या 60 फुटांत (18.3 मीटर) 0.1 सेकंद गमावला की शेवटी दीडपट होऊन समोर येतो. एनए 2.3 ला जात असेल आणि टर्बो चाकं घुमवत 2.6, तर टर्बोची अर्धी आघाडी तिथेच गेली. पहिला पैसा टायरवर, दुसरा एलएसडीवर (एक चाक घुमलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं डिफरन्शियल). मग टर्बो की एनए ते भांडा.

घाटमाथा_95:
हवेचं सांगतो. लोणावळ्याची उंची सुमारे 620 मीटर, दाब 941 मिलिबारच्या आसपास. समुद्रसपाटीपेक्षा 7 टक्के कमी. एनए इंजिन ते 7 टक्के सरळ गमावतं: 118 चे 110 झाले. टर्बोचं थोडं वेगळं आहे. वेस्टगेटची (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या वर किती दाब आहे तेवढंच बघते. 0.5 बार बूस्ट म्हणजे मुंबईत एकूण 1.51, वर 1.44. तोटा 5 टक्क्यांच्या आत. ईसीयू एकूण दाबावर बूस्ट ठरवत असेल तर तोटा जवळजवळ शून्य, फक्त टर्बाइन जास्त वेगाने फिरते. छोटा टर्बो आधीच दमलेला असेल तर तिथे त्याची बेअरिंग जातात.

उष्णतेत मात्र टर्बो मार खातो. 35 अंशांची हवा 0.5 बारला दाबली की कॉम्प्रेसरमधून 90 च्या वर बाहेर पडते. बरा इंटरकूलर (ही हवा थंड करणारा रेडिएटर) ती 50-55 वर आणतो. पण रांगेत वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून उभे राहिलात तर इंटरकूलरच तापून बसतो. मग नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं), मग ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, आणि दुसरी रन पहिलीपेक्षा हळू. रांगेत इंजिन बंद करून गाडी ढकलत पुढे न्या, दोन रनच्या मध्ये इंटरकूलरवर पाणी मारा. हसतील लोक, हसू दे. एनएवाल्याला बॉनेट उघडून उभं राहिलं तरी भागतं.

रिकामा_गिअर:
टायरचं पटलं. पण टर्बो घेतलाच तर लाँच, म्हणजे रेषेवरून गाडी सोडणं, कसा? आणि बूस्टच्या मर्यादेवर कोणी बोललंच नाही.

टू_स्टेप:
लाँच. एनएला टू-स्टेप (उभ्या गाडीत आरपीएम ठरलेल्या आकड्यावर रोखणारी सोय) 4500 वर, क्लच पहिल्या गाडीभर अंतरात घसरवत सोडा. चाक घुमलं तर पुढच्या वेळी 300 आरपीएम कमी. पुढच्या टायरमध्ये 22-24 पीएसआय, मागे 38-40. आणि रस्त्यावरच्या खाचांच्या टायरने पाण्याच्या डबक्यातून जाऊ नका, बाजूने वळसा घाला. खाचांत अडकलेलं पाणी थेट स्टार्टच्या रेषेवर ठिबकतं आणि बर्नआउट (चाकं घुमवून टायर तापवणं) फुकट जातो.

टर्बोला टू-स्टेप इग्निशन उशिरा करतो, उरलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जळतं, टर्बाइन फिरते आणि उभ्या गाडीत 0.2-0.3 बार बूस्ट तयार होतो. तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरलं तर मॅनिफोल्डला तडे जातात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजतात. म्हणून दोघांचेही प्री-स्टेजचे दिवे (गाडी रेषेजवळ आल्याची खूण) लागेपर्यंत टू-स्टेपला हात लावू नका. समोरचा मुद्दाम रेंगाळला तर टर्बोवाला जागेवर शिजतो. ही युक्ती लोक करतात.

गाडी सुटताना पुढची चाकं थडथड उड्या मारायला लागली तर ताबडतोब पाय काढा. ड्राइव्ह शाफ्ट तिथेच तुटतो. आधी इंजिन माउंट आणि लोअर आर्मचे बुश बदला.

पिस्टनपुराण:
बूस्टची मर्यादा. कॉम्प्रेशन आधीच 10 च्या वर आहे आणि कनेक्टिंग रॉड बारीक आहेत. 0.4 ते 0.5 बार, त्यापुढे नाही. रॉड वाकतो तो 7000 ला नाही, 3000-3500 ला, कारण टर्बो एकदम टॉर्क फेकतो तेव्हा सिलिंडरमधला दाब सगळ्यात जास्त असतो. म्हणून बूस्ट गिअरप्रमाणे ठेवा: पहिल्यात 0.2, दुसऱ्यात 0.35, तिसऱ्यापासून पूर्ण, आणि 4000 च्या आत पूर्ण बूस्ट नकोच. यात टायरही वाचतो. एका दगडात दोन पक्षी.

170 एचपीला किमान 335 सीसीचे इंजेक्टर लागतील (80 टक्के ड्यूटी, म्हणजे इंजेक्टर 80 टक्के वेळ उघडा, धरून), त्याला पुरेसा पंप. प्लग एक नंबर थंड, गॅप 0.6 मिमी, कंपनीचा गॅप ठेवलात तर बूस्टखाली ठिणगी विझते आणि लोक उगाच कॉइल बदलत बसतात. एअर-फ्युएल (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) 11.5-11.8, एनएला 12.8-13. पेट्रोल किमान 95 ऑक्टेन. मॅप 100 ऑक्टेनवर केला असेल तर टाकीत 91 चा थेंबही नको.

सातहजारी:
सगळे टर्बोकडे झुकलेत म्हणून दुसरी बाजू. अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या प्रो स्टॉक वर्गात 500 क्युबिक इंचांची एनए इंजिनं साडेसहा सेकंदांत जातात, ताशी 335 किलोमीटरच्या पुढे. पण दाखला जपून द्या. तिथे टर्बोला नियमानेच बंदी आहे आणि 2016 पासून 10,500 आरपीएमची मर्यादा. त्यातून शिकायचं ते हे की एनए गिअरवर जगतं. ताकद टोकाच्या हजार-दीड हजार आरपीएममध्ये असते, गिअर टाकल्यावर त्याच्या खाली पडलात की संपलं. म्हणून कॅमसोबत कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि छोटा फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्समधली चाकांआधीची शेवटची गिअरजोडी) हवाच, नुसता कॅम म्हणजे खालचाही टॉर्क गेला. फायनल ड्राइव्ह निवडताना शेवटची रेषा कुठल्या गिअरमध्ये येते ते मोजा. रेषेच्या 20 मीटर आधी चौथा टाकावा लागत असेल तर त्या एका शिफ्टमध्ये 0.3 सेकंद जातात.

ठरलेल्या वेळेच्या वर्गात उतरणार असाल, म्हणजे 16 किंवा 15 सेकंदांच्या आत न जाता जवळ पोचायचं, तर एनएच घ्या. दहा रन 0.05 च्या फरकात देतं. खुल्या वर्गात टर्बो, वाद नाही. आणि काहीही केलंत तरी गाडी ट्रेलरवर न्या. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये असे बदल बसत नाहीत.

रिकामा_गिअर:
15 सेकंदांचा वर्गच डोक्यात आहे. मग आधी टायर, बुश, एलएसडी. हेडर 4-2-1 (चार पाइपांचे आधी दोन, मग एक) की 4-1 (चारांचा थेट एक)?

सातहजारी:
7000 च्या खालीच फिरवणार असाल तर 4-2-1. मधला टॉर्क राहतो. 4-1 चा फायदा त्याच्या वर सुरू होतो, तिथे कंपनीच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग तरंगायला लागतात, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाहीत.