सोसायटीच्या गोल्फ कार्टसाठी लेड-ॲसिड बॅटऱ्याच पुन्हा घ्याव्यात की लिथियम?

पाषाणकर (धागाकर्ता):
बावधनच्या आमच्या सोसायटीत फाटकापासून टेकडीकडच्या इमारतींपर्यंत ज्येष्ठांची ने-आण करणारी एक गोल्फ कार्ट आहे. आठ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून ती ४८ व्होल्टवर चालते. हा संच अडीच वर्षांतच बसला, म्हणून येत्या सभेत लिथियमचा ठराव येणार आहे. माझा त्याला विरोध आहे, कारण बॅटऱ्या वाईट नव्हत्या. निगा आपण राखली नाही.

मागच्या रविवारी मी हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) घेऊन सहा बॅटऱ्यांचे प्रत्येकी चार, असे चोवीसही सेल तपासले. रात्रभर चार्ज होऊनही वीस सेलची ग्रॅव्हिटी (ही घनता; चार्ज जितका जास्त तितकी ती जास्त) १.२६० च्या आसपास होती, पण चौथ्या बॅटरीचे चारही सेल १.१८० च्या पुढे सरकत नव्हते. बूच काढून विजेरी मारली, तर प्लेटांची वरची कड पाण्याबाहेर, कोरडी आणि पांढुरकी पडलेली दिसली. सुरक्षारक्षकाकडे चौकशी केली तेव्हा कळले की डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपल्यापासून तो क्लबहाउसमधल्या आरओचे पाणी घालत होता, तेही चार्जिंगच्या आधी काठोकाठ. आरओच्या पाण्यातही क्षार उरतातच, आणि चार्जिंगमध्ये पातळी वाढली की ॲसिड बाहेर सांडते. त्याला दोष देता येणार नाही. हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

प्लेटा उघड्या असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील एवढेच पाणी घालावे आणि उरलेले चार्जिंग संपल्यावर. गाडी रोज रात्री चार्जिंगला लावावी, निम्म्याखाली उतरू देऊ नये. एवढे पाळले असते, तर हा संच अजून दोन वर्षे सहज चालला असता. आता चौथी बॅटरी तेवढी बदलावी, असे मला वाटते.

विद्युतवेल:
पाषाणकर, आपले निदान बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. सुरक्षारक्षक दर काही महिन्यांनी बदलतात आणि प्रत्येकाला नव्याने शिकवायला आपल्यासारखा जाणकार दरवेळी हजर असेलच असे नाही. ज्या बॅटरीत पाणी घालावेच लागत नाही, तीच अशा ठिकाणी योग्य.

शिवाय लिथियमला तेवढीच क्षमता लागत नाही. ४८ व्होल्ट, १७० ॲम्पिअर-अवरच्या संचात सुमारे ८ युनिट वीज मावते, पण आपल्याच नियमाने त्यातली ४ वापरायची. लिथियम आयर्न फॉस्फेटचा १०५ ॲम्पिअर-अवरचा पॅक म्हणजे ३.२ व्होल्टचे १६ सेल, ५१.२ व्होल्ट, जवळपास ५.४ युनिट, त्यातली ८० टक्के बिनधास्त वापरता येते, म्हणजे ४.३. वजनाचे म्हणाल, तर सहा बॅटऱ्यांचे पावणेदोनशे किलोच्या घरात जाते आणि अशा पॅकचे सुमारे ५० किलो. चढावर हा फरक पहिल्या दिवसापासून जाणवेल.

आणि एकच बॅटरी बदलण्याचा विचार कृपया सोडा. सिरीजमध्ये सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो. जुन्या पाच आधी रिकाम्या होणार आणि नवीही त्यांच्याबरोबर लवकर म्हातारी होणार.

गणेशखिंड:
स्वस्तात भागवायचे असेल, तर मोटारीच्या १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या का लावू नयेत?

विद्युतवेल:
त्या इंजिन सुरू करताना काही सेकंद मोठा प्रवाह देण्यासाठी असतात आणि त्यांच्या प्लेटा पातळ असतात. रोज खोलवर उतरवल्या, तर त्या काही महिन्यांतच बसतील. कार्टला जाड प्लेटांची, रोज खोलवर उतरवता येणारी डीप-सायकल बॅटरीच हवी.

पाषाणकर:
एक बॅटरी बदलण्याचा मुद्दा मी मागे घेतो. अडीच वर्षांच्या संचात नवी बॅटरी घालणे चूकच ठरेल. लिथियमबद्दल मात्र दोन हरकती कायम आहेत. पहिली चार्जरची. दरपत्रकात फक्त पॅक आहे, आणि आपला जुना चार्जर लेड-ॲसिडच्या इक्वलायझेशनसाठी (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम दिलेला जादा चार्ज) व्होल्टेज वर नेतो, ते लिथियमला घातक आहे. म्हणजे चार्जरही नवा लागणार आणि तो खर्च सभेपुढे आलेला नाही.

दुसरी हरकत मला जास्त गंभीर वाटते. लिथियम पॅकमधला बीएमएस, म्हणजे बॅटरीचे रक्षण करणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट, मर्यादेपलीकडे प्रवाह मागितला की पुरवठा तोडतो. सहा प्रवासी घेऊन सी विंगचा चढ चढताना आपला मोटरला वीज देणारा कंट्रोलर किती ॲम्पिअर ओढतो, हे कोणी मोजले आहे का? लेड-ॲसिडची गाडी दमते, हळू होते; बीएमएस पडला तर ती चढावर थेट बंद पडेल, आणि मागच्या आसनावर ऐंशी वर्षांच्या आजी बसलेल्या असतील.

विद्युतवेल:
ही हरकत मान्य आहे. पुरवठादाराने सलग आणि क्षणिक असे दोन्ही प्रवाह लेखी द्यावेत, चार्जरची किंमत त्याच दरपत्रकात असावी, आणि आगाऊ रक्कम देण्याआधी भरल्या गाडीने सी विंगचा चढ तीनदा चढून दाखवावा, अशी दुरुस्ती मी ठरावात सुचवतो. जुना संच मात्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाऊ देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि शिशाला बायबॅकमध्ये बरी किंमत येते.

पाषाणकर:
या दुरुस्तीसह मी ठरावाला विरोध करणार नाही. चाचणीच्या दिवशी प्रवाह मोजायला क्लॅम्प मीटर मी घेऊन येतो. तोपर्यंत जुन्याच संचावर गाडी चालवायची असल्याने डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन आजच सुरक्षा केबिनमध्ये ठेवले आहेत.