घोडीच्या भवऱ्यावरून स्वभाव कळतो, की नुसता भाव पडतो?

दारव्हेकर

मंडळी, घरात वाद पेटलाय, म्हणून इथे टाकतो.

आमचे मोठेबाबा वरातीच्या घोड्या ठेवतात. दोन आहेत. त्यातली म्हातारी आता बसली की उठताना कण्हते, म्हणून यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात गेलो. दारव्ह्याहून तापीकाठ म्हणजे अख्खी रात्र पिकअपमध्ये. तिथे एक काळी घोडी दिसली, पंचकल्याणी. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, कान एकमेकांना टोक लावणारे. चार वर्षांची, कोपऱ्याचे दुधाचे दात अजून तोंडात होते. चाल अशी की पाठीवर भरला तांब्या ठेवावा. दलालाने १ लाख ४० हजार सांगितले. मोठेबाबा खूश. मग ते खाली वाकले, पुढच्या डाव्या पायावरून हात फिरवला आणि उठून मला म्हणाले, "चाल."

पायावर भवरा होता, म्हणजे केसांचा भोवरा, वर तोंड केलेला. बाजारात त्याला खुंटाउपाड म्हणतात. अशी घोडी मालकाचा खुंटाच उपटते, म्हणजे घर बुडवते. तोच भवरा खाली तोंड करून असला तर खुंटागाड, ती घर रोवते. दलालाने हुज्जत घातली नाही. मागून नुसता ओरडला, "काका, ९५ ला घेऊन जा!" मोठेबाबांनी वळूनही पाहिलं नाही.

माझं म्हणणं असं की आपण दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतो. जुन्या अश्वशास्त्रात भवरा बहुतेक मालकाचं नशीब सांगतो, घोड्याचा स्वभाव नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घोड्याच्या लक्षणांचं प्रकरण आहे. त्यात आवर्त, म्हणजे भवरे, कुठे शुभ, कुठे अशुभ हे दिलंय. शिवाय दहा ध्रुवावर्त, म्हणजे असायलाच हवेत असे भवरे: वरच्या ओठावर एक, कपाळाच्या केसांत एक, आणि डोकं, छाती, रंध्र, उपरंध्र (पोटाच्या बाजूच्या जागा) इथे दोन-दोन. घोडा लाथ मारतो का, बुजतो का, याच्याशी त्या दहांचा संबंध नाही. कपाळावरच्या भवऱ्यावरून स्वभाव ओळखणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात थोडंफार तथ्य असूही शकतं. पण पायावरच्या केसांमुळे एवढी गुणी घोडी सोडायची? मला अजून ती डोळ्यांसमोर दिसते.

पटशौकीन

भाऊ, तुमचे मोठेबाबा बरोबर हायेत. शिकलेल्या लोकायले भवऱ्याचं नाव काढलं की हसू येते.

माया घरी पटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल हायेत, आज्यापासून. गोऱ्हा इकत घ्याले गेलं की माया बाप पयले त्याच्या कपायावर हात फिरवे. डोयाच्या वर भवरा असला त म्हणे, हा भडकते, पण पयते. हाकणारा धुरकरी हिंमतीचा पायजे. खाली असला त म्हणे, वावरात घाला, पटात नका आणू. दहापैकी आठ वेळा तसंच निंघालं. आता याले नशीब म्हणा का स्वभाव म्हणा, मले फरक नाई पडत.

आन घोडीचं सांगतो. आमच्या गावात एकानं पांढरी घोडी आणली होती, कपायावर एकाखाली एक असे दोन भवरे. बुढ्यायनं सांगतलं, नको घेऊ. यानं घेतली. पयल्याच लग्नात फटाक्याची लड लागली, घोडी दोन पायावर उभी झाली आन नवरदेव बाशिंगासकट नालीत. पोरीकडचे हसून राह्यले, पोराकडचे मारू राह्यले. मंग कोनाले इचारता इज्ञान?

उलटतपासणी

पटशौकीन, दहापैकी आठ हे लिहून ठेवले होते का तुमच्या वडिलांनी? का जे जुळले ते आठवणीत राहिले आणि न जुळलेले बैल परतवाड्याच्या बाजारात विकले गेले?

नालीतल्या नवरदेवाचं म्हणाल तर, माझ्या कपाळावर एकही भवरा नाही, पण कानाशी लड लावली तर मीही दोन पायांवर उभा राहीन. (तसा रोजच उभा असतो, पण समजून घ्या.)

आता धागाकर्त्यासाठी. या सगळ्या पद्धतीत एक पळवाट ठेवलेली आहे ती पाहा. गळ्याखाली देवमण नावाचा भवरा असला की बाकीच्या खोडी माफ. डोळ्याखाली आंसूढाल असला की घरात रडारड, पण देवमण असेल तर नाही. म्हणजे घोडी घेतल्यावर घर बुडालं तर खुंटाउपाड खरा, नाही बुडालं तर देवमण खरा. जे कधीच खोटं ठरू शकत नाही त्याला शास्त्र कसं म्हणायचं?

आणि तुम्ही स्वतःच आकडा दिलाय. १ लाख ४० चे ९५ झाले. ४५ हजारांचा भवरा! बाजारात भवऱ्याचं काम एवढंच आहे. घेणारा तो दाखवून भाव पाडतो, विकणारा शुभ भवरा दाखवून चढवतो. "यात गोम काय आहे" असं आपण म्हणतो ना, ती गोम म्हणजे जनावराच्या अंगावर दोन बाजूंचे केस भिडून उठलेली रेघच. भाषेनेच सांगून ठेवलंय की ही वस्तू खोट काढण्यासाठी आहे.

दारव्हेकर

गोमेचं आवडलं. मोठेबाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मंग गोम असते हे तरी मानते ना तो?"

ढोरडॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, वीस वर्षं याच भागात. दोन्ही बाजूंना थोडं थोडं दुखेल असं लिहितो.

पटशौकीनांच्या वडिलांच्या बाजूने आधी. अमेरिकेत कोलोरॅडोच्या विद्यापीठातल्या टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नेमकं हेच तपासलं. जनावरं खोड्यात घातली (आपल्या दवाखान्यासमोर लोखंडी पाइपचा असतो तसलाच प्रकार) आणि कोण किती धडपडतं त्याला गुण दिले. डोळ्यांच्या वर भवरा असलेली जनावरं जास्त धडपडली. घोड्यांवरही काम झालंय. पोलंडमध्ये कोनिक जातीच्या घोड्यांत, वर भवरा असलेले हाताळायला जरा अवघड निघाले. आयर्लंडमधला २००८ चा अभ्यास वेगळाच आहे: भवरा घड्याळाच्या दिशेने फिरतो की उलट, याचा घोडा उजवा आहे की डावखुरा याच्याशी मेळ दिसला. हे अगदी हवेतलं नाही, कारण गर्भात कातडी आणि मज्जासंस्था एकाच बाहेरच्या थरापासून तयार होतात.

पण हे सगळं कळपाच्या सरासरीचं आहे. शंभर जनावरांत वर भवरेवाली जरा जास्त बुजरी निघतात, यावरून तुमच्या दावणीची एक घोडी कशी निघेल ते सांगता येत नाही. आणि हे सगळं डोक्यावरच्या भवऱ्याचं. पायावरच्या भवऱ्याचा घोडीच्या डोक्याशी संबंध मी तरी कुठे वाचलेला नाही, मालकाच्या घराशी तर नाहीच.

आता नालीतली घोडी. अशा "खोडील" घोड्या माझ्याकडे आल्या की मी कपाळ पाहत नाही, तोंड उघडतो. घोड्याच्या दाढा जन्मभर हिरडीतून वर सरकत राहतात. घासून घासून वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते. गाल आणि जीभ कापलेली असते, त्यावर लगामाची कडी. नवरदेवाने घाबरून लगाम ओढला की घोडी जाणार कुठे? वर! त्यात आपल्याकडे वरातीला काटेरी लगाम लावायची घाणेरडी सवय. १९६५ च्या केंद्राच्या नियमांनी काटेरी लगामाला बंदी आहे हे किती जणांना ठाऊक आहे? कानसने दाढा घासल्या, साधी कडी घातली, की निम्म्या घोड्यांचा "भवरा" बदलतो.

अवांतर: भवरा आम्हाला खरा उपयोगी पडतो तो ओळख पटवायला. घोड्याच्या कागदावर रेखाचित्र असतं, त्यात भवऱ्याच्या जागी फुली मारतात. एकरंगी घोडा, अंगावर पांढरा केस नाही, तर दुसरं ओळखायचं कशावरून? भवरा जन्मभर हलत नाही.

पटशौकीन

डाक्टरसाहेब, म्हणजे अमेरिकेच्या बाईनं सांगतलं त अभ्यास, माया बापानं सांगतलं त अंधश्रद्धा. बरं हाये.

ढोरडॉक्टर

तसं नाही हो. तुमच्या वडिलांनी जे पाहिलं ते बाईंनी मोजलं. वडिलांचं चुकलं नव्हतं, फक्त विकून टाकलेले बैलही त्यांनी मोजायला हवे होते. उलटतपासणींचा मुद्दा तेवढा मान्य करा.

पटशौकीन

इकलेले मोजाचे त इकाचे कायले?

वाचनमात्र

या वाक्यासाठी पहिल्यांदाच लॉगिन केलं. _/\_

टांगेवाल्याची पोर

माझे बाबा अमरावतीत टांगा हाकायचे. आता टांगाही नाही आणि बाबाही नाहीत, पण भवरा पाहायची त्यांची रीत मी शंभरदा पाहिली आहे. ती सांगते, कारण इथे सगळे भवरा कुठे आहे यावरच भांडताय.

उन्हाळ्याच्या तोंडावर मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर आमच्या मामाच्या गावाबाहेर वाडा टाकायचे. त्यांच्याकडे ओझ्याची तट्टं असत. बाबा तिथूनच जनावर घेत, बाजारातून नाही. समोरून कधी जायचे नाहीत. घोड्याला कपाळासमोरचं आणि नाकाखालचं दिसत नाही, हे त्यांना कोणी शिकवलं होतं देव जाणे. डाव्या खांद्याकडून यायचे, तळहात आधी मानेवर, मग जबड्याखालून हळूहळू वर. अंगठा भवऱ्यावर टेकवायचा आणि केस उलटे फिरवायचे. सुलटे. परत उलटे. तोंडाने काही बोलत नसत, विडीसुद्धा विझवून ठेवलेली. हे पाच-सात मिनिटं चाले. तोवर मी तट्टाच्या खालच्या ओठाकडे बघायची. ताठ ओठ हळूहळू लोंबायला लागला, एक कान बाबांकडे वळला, मान खाली आली, की बाबा म्हणायचे, "भवरा चांगला आहे." एखाद्याने मान झटकली, दुसऱ्यांदाही झटकली, की म्हणायचे, "भवरा बरा नाही," आणि धनगराकडचा चहा पिऊन आम्ही परत.

त्यांचे "चांगले" भवरे वरही होते, खालीही होते. एका लाल तट्टाला तर तिरपा होता, लांबट, गोमेसारखा. त्याने अकरा वर्षं टांगा ओढला. मी एकदा विचारलं, "बाबा, भवरा असावा तरी कुठे?" तर म्हणाले, "हाताखाली."

म्हणून मला उलटतपासणींचं "भवऱ्याचं काम भाव पाडणं, एवढंच" हे पटत नाही. भवरा बघायच्या निमित्ताने माणूस जनावराच्या तोंडाशी इतका वेळ उभा तरी राहायचा. आता व्हिडिओ बघून घोडी घेतात.

उलटतपासणी

ताई, हे मान्य. पण मग तुमचे बाबा स्वभाव हातावरून ओळखत होते, भवऱ्यावरून नाही. माझ्याच बाजूचे निघाले.

टांगेवाल्याची पोर

तुमच्या बाजूचे असते तर अंगठा भवऱ्यावर कशाला ठेवला असता? खांद्यावर ठेवला असता.

पटशौकीन

हे मानलं ताई. मायाही बाप हात फिरवे, नुसतं पाहे नाई. आता आठोलं. 😊

उलटतपासणी

धागाकर्ते गायब. दारव्हेकर, तुमच्या मोठेबाबांनी पायाला हात लावला तेव्हा घोडीने पाय दिला का? हे तुम्ही लिहिलंच नाही.

दारव्हेकर

दिला ना. वाकले तसा तिनेच गुडघा सैल केला, खूर टेकवून उभी राहिली. आमची म्हातारी दहा वर्षांत असा पाय देत नाही. ताईंचा प्रतिसाद काल रात्री मोठेबाबांना मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. चुना मळत बसले. सकाळी सहाला माझ्या खाटेशी येऊन म्हणाले, "त्या दलालाले लाव फोन."

पटशौकीन

मंग? ९५ ले देते का अजून?

दारव्हेकर

गेली. आम्ही निघालो त्याच दिवशी, १ लाख २० ला. बुलढाण्याकडचं गिऱ्हाईक होतं म्हणे. मी फोन ठेवणार तर मोठेबाबांनी हातातून घेतला आणि एवढंच विचारलं, "त्यानं पाय पाह्यला होता का?"

दलाल म्हणाला, "नाही काका. गिऱ्हाईक रात्रीचं आलं होतं."