अँटिटमची रणभूमी एका दिवसात कशी पाहावी?

प्रश्न :
अमेरिकेतील मेरीलँड राज्यात शार्प्सबर्ग येथे असलेल्या अँटिटमच्या रणभूमीवर वडिलांसोबत एक दिवस जाण्याचा विचार आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १७ सप्टेंबर १८६२ या एकाच दिवशी येथे सुमारे २३,००० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले, हे वाचले आहे. परंतु छायाचित्रांत शेते, कुंपणे आणि तोफा यांखेरीज काही दिसत नाही. वडिलांना फार चालवत नाही, तेव्हा मोटारीतून पाहणे पुरेसे होईल का?

प्रतिसाद १ :
मोटारमार्ग सुमारे साडेआठ मैलांचा असून तो साधारणपणे लढाईच्याच क्रमाने जातो : सकाळचे मक्याचे शेत, दुपारची ‘ब्लडी लेन’ आणि शेवटी बर्नसाइड पूल. ‘ब्लडी लेन’पाशी मात्र तुम्ही उतरावेच. मोटारीतून सपाट भासणारी ही जमीन प्रत्यक्षात चांगलीच उंचसखल आहे. गाड्यांच्या चाकांनी खचत गेलेल्या या शेतवाटेत दक्षिणेचे (संघराज्यातून फुटून निघालेल्या राज्यांचे) सैनिक खंदकात बसावे तसे दबा धरून होते आणि समोरचा उंचवटा चढून येईपर्यंत उत्तरेच्या (संघराज्याच्या) पलटणी त्यांना दिसतच नव्हत्या. वाटेत उभे राहून उंचवट्यापलीकडून येणाऱ्या एखाद्या पर्यटकाकडे पाहा : आधी टोपी दिसते, मग खांदे, आणि तोवर तो बंदुकीच्या टप्प्यात आलेला असतो. मला ती लढाई तिथेच कळली, माहितीफलकांवरून नव्हे.

प्रतिसाद २ :
बर्नसाइड पुलाजवळचा वाहनतळ पश्चिमेच्या टेकाडावरच आहे, म्हणून वडिलांची अडचण होणार नाही. दक्षिणेतील जॉर्जिया राज्याच्या सुमारे ५०० नेमबाजांनी याच उंचीवरून उत्तरेच्या हजारोंच्या फौजेला जवळजवळ तीन तास रोखून धरले होते. तुम्ही स्वतः मात्र खाली उतरून पूल ओलांडा आणि पलीकडून वर पाहा. पुलालगतचे सायकामोरचे झाड लढाईनंतर लगेच घेतलेल्या छायाचित्रातही आहे; तेव्हा ते लहान होते.

प्रश्नकर्ता :
आभार. दोन्ही बाजूंचे मृत सैनिक तेथील राष्ट्रीय दफनभूमीतच आहेत का?

प्रतिसाद १ :
नाही. यादवी युद्धातील ४,७७६ सैनिक तेथे पुरलेले आहेत, ते सगळे उत्तरेचे; त्यांतील १,८३६ जणांची ओळख पटलेली नाही. दक्षिणेच्या सैनिकांचे अवशेष हेगर्सटाउन, फ्रेडरिक आणि शेफर्ड्सटाउन येथे आहेत. वेळ उरला तर हेगर्सटाउनला जाऊन या, तेथे फारसे कोणी फिरकत नाही.