वाचतो म्हणूनच विकतो

'पुस्तकं विकणारा स्वतः वाचत नाही, त्याला गठ्ठे मोजायचीच सवय,' असं एका दादांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. माझं सांगलीत हरभट रोडजवळ छोटं दुकान आहे, आणि वाचायला मिळावं म्हणूनच मी या धंद्यात आलो. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा नवं आलेलं पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून, पान न मुडपता वाचतो. संध्याकाळी कुणी 'काका, काहीतरी चांगलं द्या' म्हटलं की तेच कामाला येतं.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट). माझ्या खालच्या फळ्या बुडाल्या. साध्या कागदाची पुस्तकं पानापानांत रद्दी घालून, पंख्याखाली उभी ठेवून थोडीफार वाचवली. फुगली, डाग राहिले, पण अक्षर शाबूत. आर्ट पेपरची, म्हणजे गुळगुळीत चकचकीत कागदाची, मात्र गेलीच. त्या कागदावरचा लेप भिजून सुकला की पानं एकमेकांना घट्ट चिकटतात, सोडवायला जावं तर चित्रच निघून येतं. तरीही लहान मुलांचं एक पुस्तक मी रात्री उशिरापर्यंत नखानं सोडवत बसलो होतो. शेवटी बायको म्हणाली, 'अहो, राहू द्या आता.'

डाग पडलेली पुस्तकं विकायचं मन झालं नाही. ती वेगळ्या फळीवर ठेवलीत. शाळेतली पोरं तिथंच स्टुलावर बसून वाचतात. परवा एकजण शटर अर्धं खाली ओढलं तरी हलला नाही. म्हणाला, 'काका, दोनच पानं राहिलीत.'