मदत हवी आहे: कोस्टा रिकात ३१ सदस्य असलेलं सरकार नेमकं काय करू शकतं?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्यावर मला मध्य अमेरिकेच्या राजकारणावर बोलायचं आहे. देश निवडलाय कोस्टा रिका. १९४८ च्या यादवीनंतर होसे फिगेरेस यांनी सैन्य बरखास्त केलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं, त्यावर वेळ घालवणार नाही. माझं घोडं अडलंय ते आत्ताच्या सरकारपाशी.

रॉद्रिगो चावेस २०२२ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा ५७ जणांच्या विधानसभेत त्यांच्या पक्षाचे जेमतेम १० सदस्य. चार वर्षं ते विधानसभा, न्यायालय, महालेखापाल सगळ्यांशी भांडले, तरी लोकप्रियता टिकली. लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही, मध्ये ८ वर्षं जावी लागतात. म्हणून त्यांच्याच सरकारात मंत्री राहिलेल्या लॉरा फर्नांडेस उभ्या राहिल्या. १ फेब्रुवारी २०२६ ला पहिल्याच फेरीत जिंकल्या (४० टक्के पुरतात, त्यांना ४८ च्या आसपास मिळाले) आणि त्यांच्या पक्षाला (चावेस यांचा २०२२ चा पक्ष नव्हे, दुसराच) ३१ जागा.

५७ मध्ये बहुमत २९ चं. आपल्याकडे १४५ जमले की विषय संपतो. मग तिथले विश्लेषक सारखे ३८ चा आकडा का घोकतात? आणि चावेसना परत यायचंच असेल तर वाट कुठली?

प्रतिसाद १
३८ म्हणजे दोन तृतीयांश. साधा कायदा ३१ वर आरामात होतो. पण घटनादुरुस्ती, नागरिकांचे हक्क तात्पुरते स्थगित करणं, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश निवडणं, या सगळ्याला ३८ लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून (ते त्यांनी नाकारले) चावेस यांचं खटल्यापासूनचं संरक्षण काढायचा ठराव आला. बाजूने ३४ मतं पडली, तरी बारगळला. त्या दिवशी या आकड्याने त्यांना वाचवलं, आता तोच त्यांच्या गटाला अडवतोय.

प्रतिसाद २
न्यायाधीशांबद्दल एक पुरवणी. मुदत ८ वर्षांची, पण संपली की विरोधात ३८ मतं पडली नाहीत तर फेरनिवड आपोआप. त्यामुळे एका निवडणुकीत न्यायालय पालटत नाही. निवडणूक न्यायाधिकरणाचे सदस्य तर विधानसभा नेमतच नाही, ते सर्वोच्च न्यायालय नेमतं. मला विचाराल तर खरा अडसर हा आहे, सैन्य नसणं वगैरे नंतर.

परतीच्या वाटेचं म्हणाल तर ऑस्कर आरियास बघा. १९८६ ते ९० अध्यक्ष, ८७ चं शांततेचं नोबेल. १९६९ च्या दुरुस्तीने माजी अध्यक्षांना कायमची बंदी होती. ती विधानसभेने उठवलीच नाही. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती रद्द केली. कारण असं दिलं की मूलभूत हक्क कमी करायचा तर नवी घटनासमितीच हवी, विधानसभेला तो अधिकार नाही. आरियास २००६ मध्ये पुन्हा निवडून आले.

धागाकर्ता
दोघांचेही आभार, हे फार उपयोगी आहे. म्हणजे ३८ नसतानाही नियम बदलू शकतो, ७ जणांचं घटनापीठ पुरतं! पण मग उरलेली ८ वर्षांची अट त्याच तर्काने उडवता येईल का? ती तर १९४९ च्या मूळ घटनेतली आहे. २००३ चा निकाल स्पॅनिशमधून वाचलेलं कोणी इथे असेल तर कृपया लिहा.