अर्थशास्त्रात बी.ए. करायचं तर गणिताची अट हवी की नको?

गंगापूर_रोड: भाचीला अर्थशास्त्रात पदवी करायची आहे, म्हणून चार ठिकाणचे नियम ताडून पाहिले. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला बारावीला गणित लागतंच, आणि पहिल्याच सेमिस्टरला गणिती पद्धती व संख्याशास्त्राचे पेपर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स तर ए-लेव्हलच्या गणितात सर्वोच्च श्रेणी मागतं. नाशिकची कॉलेजं ज्याच्याखाली येतात त्या आपल्या पुणे विद्यापीठाच्या बी.ए.ला मात्र कुठल्याही शाखेचा बारावी पास चालतो. २०१९च्या पॅटर्नमध्ये एफवायला (पहिल्या वर्षाला) भारतीय आर्थिक पर्यावरण होतं, एसवायला (दुसऱ्या वर्षाला) सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र. डेरिव्हेटिव्हची, म्हणजे कॅल्क्युलसमधल्या बदलाच्या दराची, गाठ न पडताही डिग्री हातात यायची. पुढे तीच मुलं इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या एमएसक्यूई या संख्यात्मक अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर कोर्सच्या प्रवेश परीक्षेला बसतात, तर तिथला एक अख्खा पेपर गणिताचा! नाशिकच्या मुलांवर हा सरळ अन्याय आहे. अट घालाच.

निफाडकर: दादा, अट घातली की आमच्याकडची निम्मी मुलं दारातूनच परत जातील. अकरावीला आर्ट्स घेतलं की गणित सुटतं. बोर्डात आर्ट्सला गणित घेता येतं, हे कागदावर. शिकवायला मास्तर असायला हवा ना! कॉमर्सवालेही मॅथ्स सोडून एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतात. ऑक्सफर्डचं पीपीईसुद्धा (तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राची एकत्र पदवी) गणिताची सक्ती करत नाही, फक्त घ्या म्हणून आग्रह धरतं. डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा लासलगावात काय झालं, हे आमच्या पोरांना इंटिग्रेशनशिवाय कळतं.

गंगापूर_रोड: काय झालं ते कळतं, किती झालं ते कळत नाही. समजा मागणी = १०० − २ × भाव. भाव २० असेल तर मागणी ६०, लवचिकता (भाव एक टक्का वाढला तर मागणी किती टक्के घटते ते) २ × २० ÷ ६०, म्हणजे ०.६७. भाव ३० झाला तर मागणी ४०, लवचिकता १.५. रेषा तीच, पण पहिल्या ठिकाणी भाव थोडा वाढला तर विक्रीची एकूण रक्कम वाढते, दुसऱ्या ठिकाणी घटते. मे २०२४मध्ये बंदी उठवताना टनाला ५५० डॉलरचा किमान भाव आणि ४० टक्के शुल्क लावलं. त्यातलं किती शेतकऱ्याच्या अंगावर आलं आणि किती परदेशी ग्राहकाच्या, हे मांडायला हेच लागतं. कांदा पिकवणाऱ्याच्या मुलाला हे यायला नको?

नाशिकरोडची: यायलाच हवं! पण तुमचं उदाहरण दहावीच्या बीजगणितात बसलं की हो. मी एम.ए.ला अडले ती कॅल्क्युलसवर नाही, अर्थमितीवर, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्यावर. प्रतीपगमन (रिग्रेशन) म्हणजे काय, प्रमाण त्रुटी (अंदाज किती चुकू शकतो याचं माप) कशाला बघायची, हे बी.ए.ला कोणी दाखवलंच नव्हतं. आधी संख्याशास्त्र द्या, तेही खऱ्या आकड्यांवर. बाजार समितीचे रोजचे भाव घ्या आणि मुलांना एक्सेलवर बसवा.

निफाडकर: ताईंचं पटतं. शिकवा, हजारदा शिकवा, पण प्रवेशाला आडवे येऊ नका. एफवायला गणिताचा पायाभूत पेपर सगळ्यांना, मराठीतून.

गंगापूर_रोड: सगळ्यांना सक्तीचा असेल तर अट मागे घेतो. ऐच्छिक ठेवलात तर कोणी घेणार नाही, तुम्हालाही ठाऊक आहे. आणि तो संख्याशास्त्रावर थांबू नये. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात विकलन, समाकलन (म्हणजे कॅल्क्युलसच), रेषीय बीजगणित आहे, ते एम.ए.नंतर दोन महिन्यांच्या क्लासमध्ये होत नाही.

नाशिकरोडची: मग एफवायला संख्याशास्त्र, एसवायला कॅल्क्युलस. आणि माहितीपत्रकात पहिल्या पानावर छापा, कुठल्या एम.ए.ला किती गणित लागतं ते.

निफाडकर: एसवायच्या कॅल्क्युलसला माझा अजून विरोध आहे. आधी प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजात तो शिकवणारा माणूस नेमा, मग बोलू.