कोर्टाचा निकाल तुमच्या दारापर्यंत कसा पोचला? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती, सातारा

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर साताऱ्यात जन्मले आणि १९६४ साली देशाचे सरन्यायाधीश झाले, एवढं आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यांनी काय लिहून ठेवलं, याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तेव्हा अहमदाबादच्या स्वामीनारायण पंथातले सत्संगी कोर्टात गेले. आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा आहे, म्हणून हा कायदा आम्हाला लागू नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जानेवारी १९६६ मध्ये गजेंद्रगडकरांच्या खंडपीठानं ते फेटाळलं. दलितांना मंदिराबाहेर ठेवायला ती पळवाट उरली नाही.

मी इथल्या कोर्टात वकिली करते. निकाल दिल्लीत लागतो हे खरं, पण तलाठ्याच्या टेबलावर, पोलीस ठाण्यात, आपल्याच घरात त्याचं पुढं काय होतं, ते पक्षकारांकडूनच कळतं. तेच इथं लिहा. कार्यालयाचं किंवा माणसाचं नाव नको, तालुका पुरे.

तासगाव तालुका

ताई, माझं लग्न १९८९ चं. आई आधीच गेलेली, वडील २००३ ला गेले. द्राक्षबाग आणि थोडं जिरायत, सगळं वडिलोपार्जित. वाटप कधी झालंच नव्हतं. भाऊ वाईट नाही, हे आधी सांगते. पण भाऊबीजेला ओवाळून झालं की हक्कसोडपत्राचा विषय निघायचाच. "आक्का, सही तेवढी करून टाक, सोसायटीच्या कर्जाला अडचण येतीय."

आपल्या राज्यानं १९९४ लाच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे माझी धाकटी चुलतबहीण आत आणि मी बाहेर. एकाच वाड्यात वाढलेल्या आम्ही. मग २००५ ला केंद्राचा कायदा बदलला आणि वाटलं, आता तरी. तर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असले तरच मुलीला तो हक्क. वकिलांनी कागदावर मांडून दाखवलं होतं. त्या हिशोबानं निम्मं भावाचं आणि निम्मं वडिलांचं. वडिलांच्या निम्म्यात आम्ही दोघं. म्हणजे माझ्याकडं रुपयातले चार आणे.

११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्याचा निकाल आला. मुलगी मुलासारखीच जन्मानं हक्कदार, २००५ ला वडील असोत वा नसोत. त्याच वकिलांनी त्याच कागदाच्या पाठीवर नवा हिशोब मांडला. वडील, भाऊ आणि मी असे तीन सारखे भाग, आणि वडिलांच्या भागात पुन्हा आम्ही दोघं. चार आण्याचे आठ आणे झाले. तो कागद मी अजून पाकिटात ठेवलाय.

भावापुढं ठेवला तेव्हा तो बराच वेळ वाचत बसला. मग म्हणाला, "छाटणी, फवारणी तुला कुठं जमणार?" मी म्हटलं, "बाग तूच कर, सातबाऱ्यावर नाव माझं लाव." लावलं. फेरफाराची नोटीस आली तेव्हा त्यानं हरकत घेतली नाही, याचं मला फार मोल आहे. वहिनी मात्र वर्षभर बोलली नाही. ते अजून दुखतं. हक्क मिळाला म्हणून माहेर पहिल्यासारखं राहिलं, असं मी कुणालाच सांगणार नाही. तरीही सही केली नाही ते बरंच केलं.

जत तालुका

मी पारधी. इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण आसपास चोरी झाली की गाडी अजून आमच्या पालावरच येते.

कॉलेजात असताना एका सरांनी डी. के. बसू खटल्याची मराठीतली दोन पानं दिली होती. बंगालमधल्या एका माणसानं कोठडीतल्या मृत्यूंबद्दल १९८६ साली सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये अटकेचे अकरा नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे. अटकेच्या कागदावर वेळ, तारीख आणि घरच्या किंवा गावातल्या साक्षीदाराची सही पाहिजे. घरच्यांना कळवलं पाहिजे. दर ४८ तासांनी डॉक्टरची तपासणी झाली पाहिजे.

माझ्या थोरल्या भावाला पहाटे उचललं. ठाण्यात गेलो तर "कोण भाऊ? इथं कुणी नाही." मी ती दोन पानं टेबलावर ठेवली आणि म्हटलं, साहेब, अटक नसेल तर नाही म्हणून लिहून द्या, आणि असेल तर कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही घ्या. हात थरथरत होते. साहेबांनी पानं उलटून बघितली, मला बाहेर बसवलं. दुपारी कागद तयार झाला, त्यावर माझी सही घेतली. तपासणीत डॉक्टरांनी पाठीवरचे वळ नोंदवले. त्या नोंदीवर आम्हाला जामीन मिळायला मदत झाली. पुढं भाऊ निर्दोष सुटला, पण मारणाऱ्यावर काही झालं नाही.

आता वस्तीतल्या घराघरात त्या पानांची झेरॉक्स आहे. वाचता न येणाऱ्यांच्या घरातसुद्धा.

सातारा तालुका, माजी सैनिक

आमच्या भागात घरटी एक तरी फौजी. जवळच्या अपशिंगे मिलिटरी गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं दिली. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ ला साताऱ्यात निघाली. तिच्या भिंतीकडं बघत माझी लेक वाढली, पण तेव्हा तिथं मुलींना प्रवेश नव्हता.

१८ ऑगस्ट २०२१ ला सुप्रीम कोर्टानं एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीची, परीक्षा मुलींना देऊ द्या, असा अंतरिम आदेश दिला. सरकार पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबा म्हणत होतं, कोर्टानं ऐकलं नाही. १४ नोव्हेंबरला पेपर झाला. लेक लेखी पास झाली, एसएसबीच्या म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीतून परत आली. रडली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा अजिंक्यताऱ्याच्या चढावर पळायला गेली. ३० मे २०२५ ला खडकवासल्यातून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या, तेव्हा आमची आजी म्हणाली, "ह्या आधी का नव्हत्या?" मी तीस वर्षं वर्दी घातली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

सांगली शहर

मी देहविक्रीचा धंदा करणाऱ्या बायकांबरोबर काम करते. सुप्रीम कोर्टाच्या १९ मे २०२२ च्या आदेशाबद्दल इथं फार कमी जणांना माहीत आहे. या बायकांनाही सन्मानानं जगायचा हक्क आहे, पोलिसांनी त्यांना शिवीगाळ, मारहाण करायची नाही, आणि पत्त्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रणाच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्यायचं, असं त्यात आहे. आधार नाही म्हणून रेशन बंद पडलेली एक मावशी माझ्याबरोबर आली होती. कार्ड आलं तेव्हा तिनं फोटो बघून विचारलं, "यावर धंदा लिहिलाय का?" नव्हता लिहिला. आदेशातच ते बजावलेलं आहे.

कराड

आमच्या पतसंस्थेत सातच माणसं. वरिष्ठांच्या वागण्याबद्दल तक्रार कुठं करायची, हेच कळत नव्हतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल १९९७ चा विशाखा निकाल लागला, त्यामुळं पुढं २०१३ चा कायदा आला. त्यात दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. मी गेले. चौकशी झाली, त्यांना माफी लिहून द्यावी लागली. नोकरी मी नंतर सोडली.

वाई

तासगावच्या ताईंचं वाचून विचारते. मी २०११ मध्येच हक्कसोडावर सही केली आहे. माझ्यासाठी काही आहे का?

धागाकर्ती, सातारा

वाईच्या ताई, आधी तो कागद नोंदणीकृत आहे का ते बघा. नोंदणी नसेल तर जमिनीतला हक्क त्यानं सुटत नाही. नोंदणीकृत असेल आणि फसवून किंवा दबावानं सही घेतली असेल, तर तो रद्द करायचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत कागद रद्द करायचं कारण तुम्हाला कळल्यापासून धरतात, म्हणून तारखा फार महत्त्वाच्या. कागदाची नक्कल दुय्यम निबंधकांकडून काढून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. बायकांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जायला जमत नसेल तर १५१०० ला फोन करा.